बनपावाचा हिशेब आणि प्राध्यापकाची खुर्ची : फ्रँक लँड यांच्या कारकिर्दीचा प्रकरण अभ्यास

१९६७ साली चाळिशीला टेकलेला एक ब्रिटिश संगणक सल्लागार कंपनीतली बऱ्यापैकी वरची जागा सोडून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकवायला गेला. शिकवायचा विषय होता 'सिस्टिम्स ॲनॅलिसिस', म्हणजे एखाद्या संस्थेचं काम नीट समजून घेऊन त्याला साजेशी संगणक व्यवस्था कशी आखायची ते. या विषयाला तेव्हा स्वतंत्र विभाग नव्हता आणि धड नावही ठरलेलं नव्हतं. त्या वर्षी मार्चमध्येच त्या संस्थेच्या विद्यार्थ्यांनी आठवडाभर ठिय्या आंदोलन केलं होतं. शांत नोकरी हवी असलेल्या माणसाने जावं अशी ती जागा नक्कीच नव्हती.

या माणसाचं नाव फ्रँक लँड. पुढे १९८२ मध्ये ते ब्रिटनमधले 'इन्फर्मेशन सिस्टिम्स' या विषयाचे पहिले प्राध्यापक झाले. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांसमोर हे प्रकरण ठेवलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं : कंपनीत पंधरा वर्षं घालवलेल्या माणसाला विद्यापीठात मान मिळणारच, त्याच्याकडे प्रत्यक्षातली उदाहरणं असतात. उत्तर चूक नाही, पण त्यातून फारसं काही कळत नाही. उदाहरणं प्रत्येक निवृत्त व्यवस्थापकाकडे असतात. पाहुण्या व्याख्यानात तास-दीड तास ती पुरतात आणि मग संपतात. लँड यांची शिदोरी चाळीस वर्षं कशी पुरली, हा खरा प्रश्न. मला असं दिसतं की त्यांनी कंपनीतून एक कोडं सोबत आणलं होतं आणि ते कधी पूर्ण सुटलं नाही. कोडं कळण्यासाठी आधी कंपनी पाहायला हवी. ती होती चहा आणि केक विकणारी.

जे. लायन्स अँड कंपनीने १८९४ साली लंडनच्या पिकॅडिलीमध्ये पहिलं टीशॉप, म्हणजे चहा-फराळाचं दुकान, उघडलं. पुढच्या काही दशकांत अशी दोनशेहून जास्त दुकानं झाली आणि त्यांना माल पुरवायला हॅमरस्मिथमधल्या कॅडबी हॉलमध्ये बेकऱ्या, स्वयंपाकघरं आणि कचेऱ्यांचं एक गावच उभं राहिलं. धंद्याची अडचण साधी होती. गिऱ्हाईक यायचं, एक कप चहा आणि एक बन घ्यायचं, काही पेनी टेकवून निघून जायचं. एका वस्तूमागे सुटणारा नफा पेनीच्या काही अंशांत. अशा धंद्यात बिल लिहिणं, तपासणं, बेरजा मारणं या कारकुनी कामाचा खर्च जरा वाढला की नफा तिथेच गिळला जातो. त्यातून ब्रिटिश चलन तेव्हा बारा पेनींचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड असं; साधी बेरीजसुद्धा दोनदा हातचे बदलून करावी लागे.

म्हणून लायन्सने १९२३ साली जॉन सिमन्स नावाच्या केंब्रिजच्या गणितज्ञाला नोकरीवर घेतलं आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला 'सिस्टिम्स रिसर्च ऑफिस' काढलं. ही बाब मला या संपूर्ण प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि नेमकी तीच घाईत वाचणाऱ्यांच्या हातून सुटते. कचेरीचं काम तपासणारा हा विभाग संगणकाच्या वीस वर्षं आधीचा आहे. हा फॉर्म का भरतो? तिसरी प्रत कोण वाचतं? वाचत नसेल तर काढतो कशाला? असे प्रश्न विचारायला तिथे माणसं पगारावर ठेवलेली होती.

१९४७ मध्ये लायन्सचे दोन अधिकारी, थॉम्पसन आणि स्टँडिंगफर्ड, कचेरीकामाच्या नव्या पद्धती पाहायला अमेरिकेला गेले. तिथे त्यांच्या कानावर इलेक्ट्रॉनिक संगणकांची गोष्ट आली आणि हे यंत्र कारकुनी कामाला लावता येईल हे त्यांनी ताडलं. केंब्रिजमध्ये मॉरिस विल्क्स एडसॅक नावाचा संगणक बांधत होते. लायन्सने त्यांना ३,००० पौंड दिले, मदतीला आपला एक माणूसही दिला. एडसॅक मे १९४९ मध्ये चालू झाला आणि त्याच्या आराखड्यावरून जॉन पिंकर्टन यांच्या हाताखाली कॅडबी हॉलमध्ये 'लिओ' उभा राहिला. लिओ म्हणजे 'लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस'. सुमारे सहा हजार व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्या, आणि पाऱ्याच्या नळ्यांतली स्मरणशक्ती. नोव्हेंबर १९५१ च्या अखेरीस त्याने बेकरीच्या मालाचं साप्ताहिक मूल्यांकन पूर्णपणे अंगावर घेतलं. कचेरीचं रोजचं काम नियमितपणे करणारा जगातला पहिला संगणक अशी त्याची नोंद आहे. बिस्किटं-केक विकणाऱ्यांनी स्वतःच्या गरजेपोटी संगणक बांधला, हे आजही ऐकणाऱ्याला थोडं गमतीचं वाटतं.

फ्रँक लँड या गोष्टीत १९५२ मध्ये येतात. जन्म १९२८ चा, बर्लिनचा, ज्यू कुटुंबातला. १९३९ साली, युद्ध तोंडावर असताना, जुळा भाऊ राल्फ याच्यासह इंग्लंडला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून अर्थशास्त्राची पदवी घेतली, थोडा काळ तिथेच संशोधन सहायक होते आणि मग लायन्समध्ये लागले. तिथून लवकरच लिओच्या चमूत निवड झाली. राल्फही पुढे तिथेच आले.

निवडीची पद्धत पाहण्यासारखी होती. कंपनी आठवडाभराचा एक ओळख वर्ग घ्यायची. दिवसा व्याख्यानं, रात्री घरचा अभ्यास, दुसऱ्या दिवशी तपासणी. संगणक म्हणजे काय हे कोणालाच माहीत नसल्यामुळे आधीच्या ज्ञानाचा काही फायदा नव्हता. कोण विचार नेटका करतं एवढंच पाहायचं. याच वाटेने फ्रेंच भाषेची पदवी असलेल्या मेरी कूम्ब्स आल्या आणि व्यावसायिक प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पहिल्या महिलांपैकी एक ठरल्या. गणिताचे पदवीधर, अर्थशास्त्रवाले, भाषावाले, कंपनीतलेच जुने कारकून अशी ती मिसळ होती. आता पदवीचा रकाना भरल्याशिवाय अर्जच पुढे न सरकवणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचायला हरकत नाही.

या चमूवर पकड होती डेव्हिड कॅमिनर यांची. ते सिस्टिम्स रिसर्च ऑफिसमधूनच आलेले. त्यांची शिस्त कडक : आधी कामाचा प्रवाह कागदावर, मग त्याची दुसऱ्याकडून तपासणी, मगच प्रोग्रॅम. व्हॉल्व्ह कधीही दगा देत, म्हणून मध्ये काम तुटलं तर पुन्हा कुठून सुरू करायचं ते आधीच ठरलेलं असे. १९५४ पासून लिओवर पगारपत्रकं निघू लागली. अनुभवी कारकुनाला एका माणसाच्या पगाराच्या हिशेबाला आठ मिनिटं लागत, तिथे लिओला दीड सेकंद लागे असं सांगितलं जातं. लोकांना हा आकडा आवडतो. शिकण्यासारखं मात्र पगारात कमी आहे, टीशॉपच्या ऑर्डरींमध्ये जास्त.

ते काम जरा जवळून पाहू.

प्रत्येक टीशॉपला एक व्यवस्थापिका असे. उद्यासाठी किती बन, किती 'पाय' (सारण भरून भाजलेला पदार्थ), किती केक लागतील, हे ती रोज छापील फॉर्मांवर लिहून कॅडबी हॉलला पाठवी. तिथे कारकून त्याच्या बेरजा मारत. त्यावरून बेकरीला किती भाजायचं आणि गाडीत कोणत्या दुकानासाठी काय चढवायचं ते ठरे. आता यात संगणक आणायचा. सरळ वाट म्हणजे हेच फॉर्म पंच कार्डांवर, म्हणजे भोकं पाडून माहिती नोंदवायच्या कार्डांवर, उतरवायचे आणि बेरजा यंत्राला द्यायच्या. पण दुकानं शेकड्यात, पदार्थ डझनावारी, आणि रोज. नुसती कार्डं पंच करायला जितकी माणसं लागली असती त्यात यंत्राने वाचवलेला सगळा वेळ बुडाला असता.

लिओच्या लोकांनी एक गोष्ट हेरली. बहुतेक दुकानांची मंगळवारची मागणी गेल्या मंगळवारसारखीच असते. मग प्रत्येक दुकानासाठी वारानुसार ठरावीक ऑर्डर कायमची कार्डांवर ठेवून दिली. व्यवस्थापिकेने फक्त फरक सांगायचा : आज पाऊस आहे, केक दोन डझन कमी, उद्या जवळ सामना आहे, बन जास्त. ठरलेल्या वेळी मुख्यालय आणि दुकान यांच्यात फोन व्हायचा, डोक्याला हेडफोन लावलेली ऑपरेटर ऐकता ऐकताच बदल कार्डावर पंच करायची. मधला कागद गेला. ठरावीक ऑर्डर अधिक बदल, एवढ्यावर लिओ त्या दिवशीच्या पाठवणीच्या याद्या काढून द्यायचा. १९५४ मध्ये ही व्यवस्था सुरू झाली.

व्यवस्थापिकेच्या बाजूने पाहिलं तर रोजची लिखापढी वाचली. पण आणखी एक गोष्ट झाली. आधी 'उद्या काय लागेल' हा तिचा अंदाज रोज नव्याने व्हायचा, तिच्या टेबलावर. आता तिची 'नेहमीची' मागणी मुख्यालयात बसली आणि तिने केलेला प्रत्येक फरक कार्डाच्या भोकांत कायमचा राहू लागला. कोणतं दुकान वारंवार बदल करतं, कोणतं कधीच करत नाही, हे कोणी पाहू म्हटलं तर पाहता येण्यासारखं झालं. १९५४ मध्ये कोणाला यात वावगं वाटलं असेल असं नाही. डिजिटल समाजाबद्दल आपण आज जे वाद घालतो, त्यांतले निदान दोन मात्र या टेलिफोनच्या तारेवर तेव्हाच बसलेले दिसतात.

आता कोड्याकडे. स्वतःचं काम इतकं छान बसल्यावर लायन्सने १९५४ मध्ये लिओ कंप्युटर्स नावाची वेगळी कंपनी काढली आणि यंत्रं बाहेर विकायला घेतली. फोर्डच्या पगाराचं काम लिओवर होऊ लागलं, तंबाखूवाले विल्स गिऱ्हाईक झाले, पोस्ट खात्याने टेलिफोन बिलांसाठी मोठी लिओ यंत्रं घेतली. काम दर्जेदार होतं. तरीही कंपनी मोठी होऊ शकली नाही. १९६३ मध्ये ती इंग्लिश इलेक्ट्रिकच्या संगणक विभागात विलीन झाली, आणखी विलीनीकरणं होत १९६८ मध्ये आयसीएल या मोठ्या ब्रिटिश संगणक कंपनीत मिसळली.

कारणं सांगताना भांडवलाचं नाव पहिलं येतं, आणि ते बरोबरच आहे. केकच्या नफ्यावर आयबीएमशी टक्कर देता येत नाही. १९६४ मध्ये आयबीएमने सिस्टिम/३६० ही संगणकांची नवी मालिका जाहीर केल्यावर तर नाहीच. पण भांडवलाने सगळं समजत नाही. लिओचा माणूस गिऱ्हाइकाकडे जाऊन यंत्राचं माहितीपत्रक पुढे करत नसे. तो कामाची चौकशी सुरू करी : हा फॉर्म का भरता, तिसरी प्रत कोण वाचतं? लायन्समध्ये या प्रश्नांची वीस वर्षांची सवय होती. बाहेर मात्र या प्रश्नांनी लोक दुखावत. विभागप्रमुखाला वाटे, हा यंत्र विकायला आलाय की माझी झडती घ्यायला? काही ठिकाणी ते जमून गेलं आणि उत्तम व्यवस्था उभ्या राहिल्या; काही ठिकाणी तेच यंत्र, तीच शिस्त, तोच सल्लागार असूनही काम रखडलं.

यंत्र तेच आणि परिणाम वेगळे, म्हणजे फरक यंत्रात नव्हे, तर ज्या माणसांत आणि ज्या सवयींत ते जाऊन बसतं त्यांत. हे वाक्य आता इतकं वापरून गुळगुळीत झालंय की ऐकून कोणी मान वर करत नाही. १९६०च्या दशकात ते तसं नव्हतं. तेव्हा संगणकाचा प्रश्न म्हणजे अभियांत्रिकीचा प्रश्न, असं सगळीकडे धरून चालत.

लँड तोवर प्रोग्रॅमरपासून सल्लागारांच्या वरच्या फळीपर्यंत पोचले होते. विलीन झालेल्या कंपनीत राहता आलं असतं. संगणक जाणणारी माणसं तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे दुसऱ्या कंपनीत किंवा सल्लागारीत पैसेही भरपूर मिळाले असते. त्याच सुमारास ब्रिटिश सरकारने नॅशनल कंप्युटिंग सेंटर काढलं होतं आणि सिस्टिम्स ॲनॅलिस्टांचा तुटवडा ही त्यांची मोठी चिंता होती. त्यांच्या अर्थसाह्याने लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये या विषयाचं अध्यापन आणि संशोधन सुरू करायचं ठरलं आणि लँड यांना बोलावणं आलं.

इथे विद्यार्थ्यांना थांबवून एक प्रश्न विचारावासा वाटतो : हेच बोलावणं एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून आलं असतं तर? केंब्रिज किंवा मँचेस्टरमध्ये गेले असते तर लँड यांच्या शेजारच्या खोलीत यंत्र बांधणारे बसले असते आणि विषय आपसूक प्रोग्रॅमच्या अंगाने वाढला असता. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शेजारी होते अर्थशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ, कायदेवाले, राज्यशास्त्रवाले. चहाच्या वेळी गाठ पडणारी माणसंच वेगळी, त्यामुळे प्रश्नही वेगळे. माणसाच्या विचारांचं श्रेय आपण त्याच्या बुद्धीला देतो. थोडं श्रेय इमारतीलाही द्यावं.

तिथे त्यांच्यासोबत आलेले सहकारीही असेच दोन्हीकडचे होते. पोलाद उद्योगात प्रशिक्षणाचं काम केलेले रोनाल्ड स्टँपर त्यांपैकी एक. माहिती म्हणजे नेमकं काय, चिन्ह आणि अर्थ यांचा संबंध काय, हा स्टँपर यांचा ध्यास. पोलादाच्या कारखान्यातून आलेला माणूस चिन्हमीमांसेवर बोलतोय आणि चहाच्या कंपनीतून आलेला माणूस त्याला उत्तर देतोय, हे दृश्य मला फार आवडतं.

पण लँड यांच्या विचाराला खरी कलाटणी मिळाली ती, माझ्या मते, मँचेस्टर बिझनेस स्कूलमधल्या एनिड ममफर्ड यांच्याकडून. ममफर्डबाईंचा प्रवासही कंपनीतूनच सुरू झालेला. विमान कारखान्यात कर्मचारी व्यवस्थापक, मग गजराची घड्याळं बनवणाऱ्या कारखान्यात उत्पादन व्यवस्थापक. पुढे लिव्हरपूल विद्यापीठात समाजशास्त्रीय संशोधनाला लागल्या तेव्हा गोदी कामगारांचा अभ्यास करायला त्या गोदीच्या कँटीनमध्ये वाढपी म्हणून राहिल्या. कोळसा खाणीच्या अभ्यासासाठी कित्येक महिने जमिनीखाली जाऊन खाणकामगारांशी बोलत होत्या. कचेऱ्यांत संगणक येऊ लागल्यावर त्यांनी हीच नजर कारकुनांकडे वळवली.

लिओची रीत आणि ममफर्डबाईंची रीत यांत एक बारीक पण मोठा फरक आहे. लिओचा विश्लेषक कारकुनाच्या पाठीशी उभा राहून सगळं काम बारकाईने पाहायचा, प्रश्न विचारायचा, आणि मग आराखडा स्वतः करायचा. ममफर्डबाई म्हणत, आराखडाच कारकुनांना करू द्या. त्यांच्या 'एथिक्स' या पद्धतीत ज्यांना ती व्यवस्था वापरायची आहे त्यांचाच गट नव्या कामाची रचना ठरवतो. तांत्रिक उद्दिष्टांच्या शेजारी कामातल्या समाधानाची उद्दिष्टंही लिहिली जातात आणि पर्याय दोन्हींवर तोलले जातात. मुळं जुनी होती. युद्धानंतर लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटमधल्या एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफर्थ यांनी १९५१ मध्ये इंग्लंडच्या कोळसा खाणींबद्दल दाखवून दिलं होतं की नवं यंत्र आणताना कामगारांचे जुने गट मोडले तर यंत्रही नीट चालत नाही. बॅमफर्थ स्वतः खाणीत काम केलेले.

लँड यांनी ममफर्डबाईंसोबत काम केलं, सहभागातून व्यवस्था घडवण्यावर सहकारी रुडी हर्शहाइम यांच्याबरोबर लिहिलं. त्या पद्धतीत लँड यांनी घातलेली भर मला टीशॉपच्या वाटेने आलेली दिसते. तिला 'भविष्य विश्लेषण' म्हणतात. व्यवस्था आखताना आजच्या गरजा विचारून थांबायचं नाही. तिच्या आयुष्यात तंत्रज्ञान कसं बदलेल, कायदे कसे बदलतील, बाजार कसा बदलेल, लोकांच्या अपेक्षा कशा बदलतील, संस्थेची रचना कशी बदलेल, हे बसून लिहायचं आणि त्यानुसार कुठे लवचीक राहायचं ते ठरवायचं. १९८२ मध्ये, बदलत्या गरजांशी जुळवून घेण्याबद्दलच्या लेखात त्यांनी हे मांडलं. पावसाच्या दिवशी केक दोन डझन कमी करायची सोय ज्याने जवळून पाहिली होती, त्याला 'गरजा एकदा गोठवा आणि सही घ्या' हे पटणं अवघडच होतं.

विद्यापीठातही सगळं सुरळीत नव्हतं. नव्या विषयाकडे दोन्हीकडून संशयाने पाहिलं जाई : संगणकवाल्यांना त्यात विज्ञान कमी दिसे, समाजशास्त्रज्ञांना सिद्धान्त कमी. हा अवघडलेपणा इतका होता की १९८४ मध्ये मँचेस्टरला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हे शास्त्र तरी आहे का, अशीच शंका चर्चेला घेतली होती. आकडेवारीची प्रश्नावली हीच संशोधनाची एकमेव रीत नाही, एखाद्या कचेरीत वर्षभर बसून पाहणंही संशोधन आहे, हा मुद्दा तिथे ठामपणे पुढे आला. नंतरची लंडन बिझनेस स्कूलमधली वर्षं (१९८६ ते १९९१) मी इथे झरझर पार करतो. प्रकरणाचा गाभा तिथे नाही.

गाभा पुन्हा दिसतो तो २००६ मध्ये, निवृत्तीनंतर. ब्रिटिश सरकारने २००२ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेसाठी, म्हणजे एनएचएससाठी, एक अवाढव्य संगणक कार्यक्रम हाती घेतला होता. इंग्लंडभरच्या रुग्णांच्या नोंदी एका व्यवस्थेत आणायच्या, देशाचे विभाग पाडून मोठ्या कंत्राटदारांना वाटून द्यायचे, निर्णय मध्यवर्ती पातळीवर. २००६ मध्ये राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने त्याच्या खर्चाचा अंदाज १२.४ अब्ज पौंड दिला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तेवीस शिक्षणतज्ज्ञांनी संसदेच्या आरोग्य समितीला खुलं पत्र लिहिलं : या कार्यक्रमाची स्वतंत्र तांत्रिक तपासणी करा. सह्या करणाऱ्यांत बहुतेक संगणकशास्त्रातली बडी नावं होती. त्यांत एक सही फ्रँक लँड यांची.

केक आणि रुग्णालय यांची तुलना उथळ वाटेल, तरी करून पाहतो. लायन्समध्ये मालक एक, माल एक, आणि व्यवस्था आखणारे आणि वापरणारे एकाच आवारात जेवणारे. तरीसुद्धा त्यांनी आधी प्रत्येक फॉर्म तपासला आणि एकेक काम घेत पुढे गेले : आधी बेकरी, मग पगार, मग टीशॉप. एनएचएसच्या कार्यक्रमात शेकडो रुग्णालयं, प्रत्येकाची वेगळी रीत, वापरणारे डॉक्टर आणि परिचारिका एका टोकाला, कंत्राट लिहिणारे दुसऱ्या टोकाला, आणि सगळं एकदम हवं. सप्टेंबर २०११ मध्ये सरकारने कार्यक्रम मोडीत काढत असल्याचं जाहीर केलं. क्ष-किरण प्रतिमांची व्यवस्था, संगणकांना जोडणारं मूळ जाळं असे काही भाग टिकले, वापरात आले. रुग्णांच्या सविस्तर नोंदींची एकसंध व्यवस्था मात्र ठरल्याप्रमाणे उभी राहिलीच नाही.

याच दशकात लँड आणि त्यांचे सहकारी 'ज्ञान व्यवस्थापना'च्या काळ्या बाजूवरही लिहीत होते. कंपन्या म्हणत होत्या, ज्ञान वाटा, साठवा, उपयोगात आणा. लँड विचारत होते : कोण वाटतं, कोण दडवतं, कोण सोयीस्कर तेवढंच पुढे सरकवतं? ज्ञान हे हत्यारही असतं. कंपनीच्या आत पंधरा वर्षं बसलेल्या माणसाला हे कोणी वेगळं शिकवायची गरज नसावी.

आता या प्रकरणाबद्दलच्या माझ्या शंका. पहिली म्हणजे लिओचा इतिहास बराचसा लिओच्याच लोकांनी लिहिला आहे. कॅमिनर, लँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिळून पुस्तक केलं, मुलाखती दिल्या, जुन्या सहकाऱ्यांची संघटना चालवली. हे काम मोलाचंच आहे, पण उमेदीच्या वर्षांची आठवण सगळ्यांना गोड लागते. कंपनीतला अनुभव हाच जेव्हा संशोधनाचा कच्चा माल होतो तेव्हा साक्षीदार आणि अभ्यासक एकच माणूस असतो. या गोष्टीत टीशॉपच्या व्यवस्थापिकेचा आवाज विश्लेषकांमार्फतच ऐकू येतो, तिची स्वतःची बाजू फारशी भेटत नाही.

दुसरी शंका नशिबाबद्दल. १९६७ मध्ये विद्यापीठाला अशा माणसाची गरज होती आणि विषयच नवा असल्याने त्याच्या नावावर शोधनिबंधांची चळत असण्याची अट घालणं शक्य नव्हतं. आज चाळिशीतला सल्लागार त्याच दारावर गेला तर त्याला पहिला प्रश्न प्रकाशनांचा विचारला जाईल. म्हणून हे प्रकरण 'असं करा' म्हणून शिकवू नये. त्यातून एवढंच तपासावं की दार उघडं असताना लँड आत काय घेऊन गेले. १९९९ मध्ये या विषयाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, त्याचं नाव ठेवलं 'लिओ'. पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत एनिड ममफर्ड होत्या. लँड यांना तो २००३ मध्ये मिळाला. चहाच्या कंपनीतल्या यंत्राचं नाव विद्वानांच्या पुरस्काराला, यावर त्या काळच्या कॅडबी हॉलमधल्या एखाद्या कारकुनाने काय म्हटलं असतं कोण जाणे.

वर्गात या प्रकरणावर चर्चा लावायची असेल तर १९६७ च्या निर्णयापासून सुरुवात करू नये. सगळे 'मनाचं ऐकलं' वगैरे बोलू लागतात. टीशॉपपासून सुरुवात करावी. अर्ध्या वर्गाने कॅडबी हॉलचे विश्लेषक व्हावं, अर्ध्याने दुकानांच्या व्यवस्थापिका, आणि ठरावीक ऑर्डरीची योजना एकमेकांना पटवून द्यावी. विश्लेषकांची बाजू पाच मिनिटांत तयार होते. आकडेच त्यांच्या बाजूचे असतात. मग दुसऱ्या बाजूने कोणीतरी हमखास विचारतं : दुकानात गर्दी आहे, ऑपरेटर लाइनवर आहे, आणि व्यवस्थापिकेला त्या घाईत काहीच सांगता आलं नाही, तर?

तर कार्ड तसंच राहायचं. मंगळवार असेल तर मंगळवारचा नेहमीचा माल निघायचा.